शॉवरचा पडदा फरशीला टेकवू नका
रत्नागिरी-मालवणकडे नवीन बाथरूम झालं की कोणीतरी सांगतंच, पडदा पार फरशीला टेकला पाहिजे नाहीतर पाणी बाहेर येतं. अहो तसं नाहीये! पाणी येतं ते कडेच्या फटीतून, नाहीतर फरशीचा उतार जाळीकडे नसला तर. टेकलेल्या पडद्याची खालची कड सुकतच नाही आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवाच एवढी दमट की घडीत साबणाचा चिकट थर बसतो, मग त्यावर काळी बुरशी. रिंगपासून फरशीपर्यंत टेप लावा, दोन इंच कमी करा. रुंदी मात्र रॉडपेक्षा फूटभर जास्तच घ्या. रेडिमेड पडदा बहुतेक ६ बाय ६ फूट असतो, रॉड अजून ठोकला नसेल तर पडद्याच्या मापानेच ठोका ना!