कुष्ठरोगाचा चट्टा पुन्हा दिसला, तर दोष औषधाचाच का?

एमडीटीचे (कुष्ठरोगावरच्या एकत्र औषधांच्या कोर्सचे) १२ महिने पुरे झाले आणि काही महिन्यांनी जुनाच चट्टा लाल होऊन सुजला, कोपरामागची नस ठणकू लागली, तर ती बहुधा ‘रिअॅक्शन’ असते. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर उसळतं, इतकंच. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं की काही आठवड्यांत उतार पडतो. सूज-ठणका नसताना नवे चट्टे किंवा गाठी सावकाश येत राहिल्या, तर मात्र रोग उलटल्याची शंका घ्यायची.

मग स्मिअर, म्हणजे कातडीतला रस काचेवर घेऊन जंतू पाहणं. कानाची पाळी चिमटीत पांढरी पडेपर्यंत दाबायची, ब्लेडने ५ मिमी लांब, २ मिमी खोल छेद द्यायचा आणि पातं आडवं करून आतली कड खरवडायची. चिमटी सैल झाली की रक्त मिसळतं आणि स्लाइड वाया जाते. जंतूंचं प्रमाण ० ते ६ अशा बी.आय.मध्ये (बॅक्टेरियल इंडेक्स, जंतूंचा निर्देशांक) मोजतात. खरी गफलत होते ती इथे. औषध उत्तम लागू पडलं तरी हा आकडा वर्षाला जेमतेम एकाने उतरतो, कारण मेलेले जंतूही कातडीत पडून राहतात. सुरुवातीला ५ असलेला आकडा कोर्स संपताना ४ असेल, तर काही बिघडलेलं नाही. उतरलेला आकडा पुन्हा चढला, तर बिघडलंय.

मग जंतू औषधाला जुमानतो का, हे तपासायचं. पण कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या माध्यमात वाढतच नाही; दुप्पट व्हायलाच त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. उंदराच्या तळपायात टोचून वाढवावा, तर उत्तर मिळेपर्यंत कित्येक महिने जातात. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू १९६४ साली मलेशियात सिद्ध झाले ते याच पद्धतीने. आता पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) करून जंतूची जनुकं वाचतात: रिफाम्पिसिनसाठी आरपीओबी, डॅप्सोनसाठी फोलपी१, ऑफ्लोक्सॅसिनसाठी जायरए. आरपीओबीच्या प्रथिनात ४५६व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन आलं, की रिफाम्पिसिनला तिथे पकडच मिळत नाही. नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये पाठवावा. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. बी.आय. २ पेक्षा कमी असेल, तर चाचणी बरेचदा निकालच देत नाही.

रिफाम्पिसिन निकामी ठरलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शिकेप्रमाणे उपचार २४ महिन्यांचे. पहिले सहा महिने रोज क्लोफॅझिमिन ५० मिग्रॅ, सोबत दुसऱ्या फळीतली दोन औषधं: ऑफ्लोक्सॅसिन ४०० मिग्रॅ, मिनोसायक्लिन १०० मिग्रॅ, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ यांतली. पुढचे १८ महिने क्लोफॅझिमिन आणि त्यांतलं एकच. जायरएही बदललेलं असेल, तर ऑफ्लोक्सॅसिन आणि त्याची भावंडं वर्ज्य.

एक बारीक गोष्ट चुकते. डॅप्सोनने रक्त कमी झालेल्यांना लोहाच्या गोळ्या चालू असतात. त्या मिनोसायक्लिन किंवा ऑफ्लोक्सॅसिनबरोबर एकदम गिळल्या, तर औषध पोटात नीट शोषलं जात नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं.