लग्न लावलं की डोकं ठिकाणावर येतं?

"दोनाचे चार करा, पोरगं ताळ्यावर येईल," हा सल्ला नागपुरात महालपासून मानेवाड्यापर्यंत अजूनही फुकट मिळतो. स्किझोफ्रेनियात, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भलतेच संशय येणं अशा मानसिक आजारात, तो उलटतो. हळद-वरातीची जागरणं, नव्या माणसांचा ताण, त्यात सासरी कळू नये म्हणून आधी लपवलेल्या नि मग चुकलेल्या गोळ्या; कानातले आवाज परततात. गोळ्यांचा नीट परिणाम दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि पहिल्या झटक्यानंतरही त्या निदान वर्षभर घ्याव्या लागतात. बरं वाटलं की बंद, ही नेहमीची चूक. लग्नाला मनाई नाही. आजार स्थिर हवा आणि समोरच्या घराला ठाऊक हवा. लपवाछपवी झाल्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्दही होऊ शकतं. विचारायला मेडिकलची, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची, मानसोपचार ओपीडी आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.