मेसोथेलिओमा : आधी उपचार झालेल्या रुग्णांतील इम्युनोथेरपी

मेसोथेलिओमा हा शरीरातील पोकळ्यांच्या अस्तराचा कर्करोग. बहुतेकदा तो फुप्फुसावरणात होतो, क्वचित उदरावरणात. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शरीरात जाणे हे त्याचे मुख्य कारण. तंतूंशी संपर्क आल्यानंतर २० ते ५० वर्षांनीही रोग डोके वर काढतो, त्यामुळे रुग्ण बहुधा उतारवयातला असतो आणि निदान होईपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ अनेकदा टळून गेलेली असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पेमेट्रेक्सेड व सिस्प्लॅटिन ही केमोथेरपीची औषधे एकत्र घेणाऱ्यांचा मध्यक जीवनकाल (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १२.१ महिने, तर नुसते सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचा ९.३ महिने भरला. तेव्हापासून ही जोडी पहिला उपचार म्हणून रूढ झाली. तिच्यानंतर रोग पुन्हा वाढला तर व्हिनोरेलबिन किंवा जेमसायटाबिन दिले जाई, पण त्याने आयुष्य वाढते असा भक्कम पुरावा नव्हता. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडून कर्करोगावर हल्ला करवणाऱ्या उपचाराचा, प्रवेश या रिकाम्या जागेत झाला.

टी पेशींच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, पृष्ठभागावर पीडी-१ आणि सीटीएलए-४ ही प्रथिने असतात. ती त्या पेशींचा हल्ला आवरतात, एरवी शरीराच्या निरोगी ऊतींवरच तो उलटला असता. कर्करोग याच सोयीचा फायदा उठवतो. निव्होलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे पीडी-१ला, तर इपिलिमुमॅब व ट्रेमेलिमुमॅब सीटीएलए-४ला अडवतात. या शोधांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेसोथेलिओमाच्या पेशींत जनुकीय उत्परिवर्तने तुलनेने कमी असतात, म्हणजे टी पेशींना ‘परके’ म्हणून ओळखायला खुणाही कमी. त्यामुळे इथे या औषधांकडून मेलॅनोमाइतकी (त्वचेच्या एका कर्करोगाइतकी) अपेक्षा धरण्याचे कारण नव्हते.

पहिली मोठी चाचणी फसलीच. ‘डिटरमाइन’मध्ये ५७१ रुग्णांना ट्रेमेलिमुमॅब किंवा प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ डोस) देण्यात आले. मध्यक जीवनकाल अनुक्रमे ७.७ व ७.३ महिने आला, म्हणजे फरक नगण्य. पीडी-१ रोधकांच्या छोट्या अभ्यासांनी मात्र आशा वाढवली. जपानमधील ३४ रुग्णांच्या ‘मेरिट’ अभ्यासात निव्होलुमॅबने २९ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या आणि २०१८ मध्ये तिथे या वापराला मान्यता मिळाली. पण अशा अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नसतो आणि निवडलेले रुग्ण सहसा धडधाकट असतात, म्हणून त्यांच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये.

हे ‘प्रॉमिस-मेसो’ने दाखवून दिले. १४४ रुग्णांच्या या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबची तुलना थेट जेमसायटाबिन किंवा व्हिनोरेलबिनशी केली. गाठी आक्रसण्याचे प्रमाण पेम्ब्रोलिझुमॅब गटात २२ टक्के, केमोथेरपी गटात ६ टक्के. तरीही रोग रोखून धरण्याचा काळ किंवा आयुष्य, दोन्हींत पेम्ब्रोलिझुमॅब सरस ठरले नाही. केमोथेरपी गटातील बऱ्याच रुग्णांना पुढे तेच औषध मिळाले होते, हे जीवनकालाचे आकडे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

आयुष्य वाढल्याचा पुरावा दिला तो ब्रिटनच्या ‘कन्फर्म’ने, २०२१ मध्ये. ३३२ रुग्णांपैकी निव्होलुमॅब घेणाऱ्यांचा मध्यक जीवनकाल १०.२ महिने, प्लासिबो गटाचा ६.९. वर्षभर जगलेले अनुक्रमे सुमारे ४३ आणि ३० टक्के. लाभ खरा आहे, पण तो काहीच न देण्याच्या तुलनेत मोजलेला आहे. गाठीवरील पीडी-एल१च्या (पीडी-१ला जोडले जाणाऱ्या प्रथिनाच्या) प्रमाणावरून कोणाला फायदा होईल हेही या चाचणीत सांगता आले नाही. फ्रान्सच्या ‘मॅप्स-२’मध्ये निव्होलुमॅब एकटे आणि इपिलिमुमॅबसह असे दोन गट होते. मध्यक जीवनकाल ११.९ व १५.९ महिने आला, मात्र दोन गटांत सरस कोण हे ठरवण्यासाठी ती चाचणी आखलेलीच नव्हती.

परिणाम मोजणेही सोपे नाही. ही गाठ गोळ्यासारखी न वाढता फुप्फुसाभोवती फळाच्या सालीसारखी पसरते, म्हणून सीटी स्कॅनवर तिची जाडी छातीच्या भिंतीपासून ठराविक ठिकाणी मोजण्याची वेगळी पद्धत वापरतात. दुष्परिणामांची तऱ्हाही केमोथेरपीहून वेगळी. मोकाट सुटलेल्या टी पेशी थायरॉइड, आतडे, यकृत, त्वचा यांपैकी कशावरही उलटू शकतात. सर्वांत नाजूक प्रश्न फुप्फुसदाहाचा. आधीच धाप लागणाऱ्या रुग्णाची धाप वाढली, तर ती रोगाने, छातीत साचलेल्या पाण्याने की औषधाने, हे लवकर ठरवावे लागते. दोष औषधाचा असेल तर ते थांबवून स्टिरॉइड सुरू करतात.

२०२० मध्ये ‘चेकमेट-७४३’ने निव्होलुमॅब-इपिलिमुमॅब जोडी पहिल्याच उपचारात केमोथेरपीपेक्षा सरस ठरवली (१८.१ विरुद्ध १४.१ महिने) आणि त्याच वर्षी अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्यामुळे ‘आधी उपचार झालेला रुग्ण’ आता एकाच प्रकारचा राहिलेला नाही. फक्त केमोथेरपी घेतलेल्याला वरील चाचण्यांचे निष्कर्ष लागू पडतात. ज्याने सुरुवातीलाच इम्युनोथेरपी घेतली, त्याला पुढे सहसा पेमेट्रेक्सेड व प्लॅटिनम औषध (सिस्प्लॅटिनसारखे) दिले जाते. पीडी-१ रोधक पुन्हा देण्यामागे मात्र पुरावा तोकडा आहे.