डिस्नेलँड की डिस्ने वर्ल्ड? दुपारी एक वाजता अंथरूण किती लांब आहे ते पाहा

गेल्या वर्षी आमच्या घरी दोन महिने एकच प्रश्न घुमत होता, "डिस्नेलँडचं ठरलं का?" सासूबाई विचारायच्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कॅलिफोर्निया असायचं, कारण धाकटा मुलगा तिकडे. माझे बाबा विचारायचे तेव्हा त्यांच्या मनात फ्लोरिडा असायचं, कारण मित्राने दाखवलेले फोटो तिथले होते. दोघं नाव एकच घेत होते आणि त्या दोन जागांमध्ये रस्त्याने जवळपास चार हजार किलोमीटरचं अंतर आणि घड्याळात तीन तासांचा फरक होता. आम्ही शिकागोत राहतो, म्हणजे दोन्हीकडे विमानानेच जायचं. पावणेतीन वर्षांची मुलगी, माझे आईबाबा, सासूबाई, दीर-जाऊ आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा असा सगळा गोतावळा न्यायचा होता. शेवटी आम्ही कॅलिफोर्नियाला गेलो, म्हणजे मी आता दोन्ही जागा पाहिल्या आहेत. पुतण्या दोन वर्षांचा असताना आम्ही दोघं दीर-जाऊबाईंबरोबर फ्लोरिडाला गेलो होतो, त्यामुळे जे सांगते आहे ते त्या पायपिटीतून आलेलं आहे.

आधी नावांचा घोळ सोडवू. डिस्नेलँड म्हणजे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला अनाहाइम शहरात असलेलं मूळ पार्क. ते १७ जुलै १९५५ रोजी उघडलं, खुद्द वॉल्ट डिस्नेच्या हजेरीत. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळ, १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालं. वॉल्टला ते पाहायला मिळालं नाही, तो डिसेंबर १९६६मध्ये गेला. थोरला भाऊ रॉय याने काम तडीस नेलं आणि भावाचं पूर्ण नाव त्या जागेला राहील असं पाहिलं. फोटोवरून ओळखायचं असेल तर किल्ला पाहा. गुलाबी, बसका, ७७ फुटांचा असेल तर कॅलिफोर्निया. निळ्या मनोऱ्यांचा, १८९ फूट उंच सिंड्रेलाचा महाल असेल तर फ्लोरिडा. बाबांच्या मित्राचे फोटो या दुसऱ्या महालाचे होते.

डिस्नेलँडच्या आवारात दोन पार्कं आहेत, मूळचं डिस्नेलँड आणि २००१ साली उघडलेलं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. डिस्ने वर्ल्डमध्ये चार आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. शिवाय दोन वॉटर पार्क आणि वीसहून जास्त हॉटेलं. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि चार हे दोनापेक्षा जास्त म्हणून फ्लोरिडा निवडतात. लहान मूल आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा हिशेब फसतो.

तो का फसतो, हे या दोन जागा कशा घडल्या त्यातच आहे. अनाहाइमला वॉल्टने सुरुवातीला १६० एकर जमीन घेतली होती. पार्क चाललं आणि बघता बघता कुंपणाला लागून मोटेलं, उपाहारगृहं, दिव्यांच्या पाट्या उभ्या राहिल्या. वॉल्टला ते अजिबात आवडलं नाही. म्हणून फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने, गाजावाजा न करता सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. म्हणजे शंभर चौरस किलोमीटरहून जास्त. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची सगळी जुनी मुंबई त्यात मावून वर जागा उरेल. बाहेरची एकही पाटी आतल्या माणसाला दिसू नये, हा त्यामागचा विचार.

वॉल्टला खुपणारी तीच मोटेलं तान्ह्या मुलांच्या आयांसाठी वरदान आहेत. हार्बर बुलेव्हार्ड या रस्त्यावरची कितीतरी हॉटेलं पार्कच्या फाटकापासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर आहेत. आम्ही तिथेच उतरलो. दुपारी एक वाजता मुलगी डोळे चोळायला लागली की बाबागाडी वळवायची, रस्ता ओलांडायचा आणि खोलीवर. दीड वाजेपर्यंत ती गाढ झोपलेली, आई तिच्याशेजारी आडवी, बाबांचे पाय उशीवर. साडेचारला चहा घेऊन सगळे पुन्हा ताजेतवाने.

हाच एक वाजता फ्लोरिडात कसा जातो? मॅजिक किंगडम तळ्यापलीकडे आहे. गाडीने आला असाल तर आधी फाटकापर्यंत चाल, मग बोट किंवा मोनोरेल, मग वाहनतळ, मग गाडी. डिस्नेच्या हॉटेलात उतरला असाल तर बस थेट फाटकाजवळून मिळते, पण आम्ही गेलो तेव्हा बाबागाडी घडी करूनच बसमध्ये न्यावी लागायची. म्हणजे झोपलेलं मूल उचला, पिशव्या रिकाम्या करा, गाडी मिटा. मूल जागं होतं. जाऊबाईंच्या मुलाचं तिन्ही दिवस हेच झालं. जायला तासभर, यायला तासभर धरला तर झोप कधी आणि पार्क कधी? शेवटी आम्ही परत न जाता सावलीत बाबागाडी हलवत बसायचो, आणि संध्याकाळच्या आतषबाजीला पोर रडून बेजार व्हायचं. फ्लोरिडात याला एक उपाय आहे. कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन ही हॉटेलं मॅजिक किंगडमच्या मोनोरेलवरच आहेत आणि कंटेम्पररीहून तर दहा मिनिटांत चालत जाता येतं. पण ती महाग आहेत, आणि आठ-नऊ माणसांच्या दोन-तीन खोल्यांचा खर्च फार होतो.

दुसरा मोठा फरक पांगण्याचा आणि पुन्हा भेटण्याचा. कॅलिफोर्नियात दोन पार्कांची फाटकं समोरासमोर आहेत, मधे फक्त एक चौक. दोन्हीकडे चालणारं तिकीट काढलं की दीर मुलाला घेऊन कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरच्या कार्स लँडमध्ये, आम्ही छोटीबरोबर डिस्नेलँडमधल्या डम्बो या उडत्या हत्तीच्या पाळण्यावर, आणि जेवायला सगळे एकत्र. फ्लोरिडात एका पार्कातून दुसऱ्यात जायचं म्हणजे स्वतंत्र प्रवास. तिथे सकाळी जे पार्क निवडाल तो सगळ्यांचा दिवस.

पाळण्यांची नावं सारखी म्हणून अनुभव सारखा, असंही समजू नका. स्पेस माउंटन ही अंधारातली रोलर कोस्टर दोन्हीकडे आहे. कॅलिफोर्नियात त्याला ४० इंच उंची लागते आणि मूल तुमच्या शेजारी बसतं. फ्लोरिडात ४४ इंच लागते आणि एकामागे एक, एकेकटं बसावं लागतं. पायरेट्सची, म्हणजे समुद्री चाच्यांची बोट कॅलिफोर्नियात जास्त लांबीची आहे आणि अंधारात दोनदा खाली घसरते, फ्लोरिडात एकदाच. अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी मूळ डिस्नेलँडमध्ये जास्त काही आहे, असं माझं ठाम मत आहे. केसी ज्युनिअरची छोटी आगगाडी आणि चिमुकल्या घरांमधून फिरणारी होडी फ्लोरिडात नाहीत. आमची मुलगी त्या आगगाडीत आजीच्या कुशीत चार वेळा बसली.

फ्लोरिडाची बाजू मी हलकी करत नाही. ॲनिमल किंगडममधल्या सफारीत उघड्या ट्रकमधून जिराफ, हत्ती, सिंह पाहायला मिळतात. उंचीची अट नाही, नातीपासून आजोबांपर्यंत सगळे एकाच बाकावर. ट्रक मात्र चांगलाच हादरतो, मणक्याचं दुखणं असेल त्यांनी विचार करावा. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. भारत त्यात नाही, पण आजी-आजोबांना रमतगमत फिरायला याहून छान जागा मला दुसरी दिसली नाही. आणि ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना उपाहारगृहात नान, कुलचे आणि चटण्यांचं ताट मिळतं, ते पाहून दिरांचा चेहरा खुलला होता. कॅलिफोर्नियात पोळीभाजीची आठवण झालीच तर आर्टेशियातल्या पायोनियर बुलेव्हार्डवरची भारतीय बाजारपेठ गाडीने फार लांब नाही.

हवामान विसरू नका. आपले आईबाबा इकडे येतात ते बहुतेक मे ते ऑक्टोबरमध्ये. नेमके तेच ऑर्लँडोचे दमट, दुपारी विजा कडाडण्याचे महिने. वीज जवळ आली की उघड्यावरचे पाळणे थांबवतात. चक्रीवादळांचा हंगामही जून ते नोव्हेंबर. अनाहाइमचा उन्हाळा कोरडा, संध्याकाळी आजीला स्वेटर लागतो एवढंच.

बाकी नियम दोन्हीकडे जवळजवळ सारखे. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, त्यामुळे तिसऱ्या वाढदिवसाआधी गेलात तर पैसे वाचतात. दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं तिकीट. घरचं खाणं आत नेता येतं, काचेची बरणी मात्र नको. आम्ही थर्मासमध्ये मऊ खिचडी, वर दशम्या आणि चिवडा नेला. प्रत्येक पार्कात बाळांसाठी वेगळं केंद्र असतं, तिथे दूध पाजायला शांत खोली आणि अन्न गरम करायची सोय मिळते. पार्कात भाड्याने घेतलेली बाबागाडी बाहेर नेता येत नाही, म्हणून आडवी होणारी आपली स्वतःची न्या. चाकांची ढकलगाडी, वॅगन म्हणतात ती, चालत नाही. मोठ्या पाळण्यावर आईबाबांपैकी एकाने मुलाजवळ थांबायचं आणि नंतर पूर्ण रांग न लावता पाळी घ्यायची, अशी रायडर स्विच नावाची सोय आहे. पण आजी-आजोबा बरोबर असतील तर तिचीही गरज पडत नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं एका पाळण्यावर शेजारी बसलो, ते आईने मुलीला सांभाळलं म्हणून.

पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ऑर्लँडोच सोयीचं पडतं, हे मला कळतं. त्यांनी चार पार्कांचा हट्ट सोडावा. मॅजिक किंगडम एक दिवस, मधला दिवस पोहण्याच्या तलावावर, मग ॲनिमल किंगडम. बास.

बाबांची फ्लोरिडाची हौस राहिलीच आहे. पुण्याला परतण्याआधी त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने ४४ इंचांची रेघ मारून ठेवली. दर महिन्याला व्हिडिओ कॉलवर नातीला तिथे उभं करायला सांगतात. अजून सात इंच बाकी आहेत.