आरएफआयडी चिप आणि माणसांचा माग

रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप ओळखपत्रात, वाहनावर किंवा थेट शरीरात बसवून माणसाच्या येण्याजाण्याची नोंद ठेवता येते. त्यातून खासगीपणाला पोचणाऱ्या धोक्याची ही नोंद. अशा चिपमध्ये बहुधा नाव, पत्ता, फोटो काहीच नसते. असतो फक्त एक क्रमांक. त्यामुळे ‘यात वैयक्तिक माहिती नाही’ असे सांगितले जाते, पण हे समर्थन पुरेसे नाही. न बदलणारा क्रमांक एकदा कुठेही नावाशी जुळला, की पुढच्याच नव्हे तर मागच्याही सगळ्या नोंदी त्या माणसाच्या ठरतात. क्रमांक कूटबद्ध केला तरी त्याचे कूटरूप दर वेळी तेच राहत असेल, तर माग काढायला तेवढे पुरते.

टॅगमध्ये चिप आणि अँटेना असतात. बहुतेक टॅगांना बॅटरी नसते. रीडरच्या, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरींतूनच वीज मिळते आणि ती मिळताच चिप उत्तर देते. ते उत्तर गेल्याचे धारकाला कळत नाही. किती अंतरावरून वाचता येते ते वारंवारतेवर ठरते. १२५ किलोहर्ट्झची हजेरी कार्डे काही सेंटिमीटरांवरून वाचली जातात. १३.५६ मेगाहर्ट्झची बँक कार्डे आणि ई-पासपोर्ट साधारण १० सेंमीवरून, तर ८६५–८६७ मेगाहर्ट्झवर चालणारे फास्टॅगसारखे टॅग काही मीटरांवरून वाचता येतात. पाळतीसाठी सोयीचा गट हा तिसरा, कारण त्यात कार्ड रीडरला टेकवावे लागत नाही; दारातून नुसते गेले तरी नोंद होते.

हीच नोंद चुकतेही. शरीरातले पाणी या लहरी शोषते, त्यामुळे गळ्यातले कार्ड अंगाला चिकटले किंवा दप्तराखाली दबले तर वर्गात बसलेले मूल गैरहजर लागते. उलट, एकाच्या खिशात पाच कार्डे असली तर पाच जण हजर! रीडर कार्डे मोजतो, माणसे नव्हे. म्हणून अशा नोंदीच्या एकट्या आधारावर पगार कापणे किंवा मूल सुखरूप पोचले असे समजणे चूक आहे.

१२५ किलोहर्ट्झच्या साध्या कार्डांत तर कुलूपच नसते. विचारेल त्याला ती क्रमांक सांगतात, आणि अनेकदा तोच दहा अंकी क्रमांक कार्डावर छापलेलाही असतो. तेव्हा कार्डाचा फोटो समाजमाध्यमावर टाकणे म्हणजे क्रमांकच देऊन टाकणे. १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डांत आतली माहिती कुलूपबंद असली, तरी एकाच वेळी समोर आलेली कार्डे वेगळी ओळखण्यासाठी प्रत्येक कार्ड आधी आपला क्रमांक सांगते आणि मग किल्ली तपासली जाते. यावरचा उपाय ई-पासपोर्टच्या चिपमध्ये दिसतो: ती दर वेळी नवा यादृच्छिक क्रमांक देऊ शकते, आणि आतल्या पानावरचे मुद्रित तपशील रीडरला दिल्याशिवाय मजकूर उघडत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सटर गावच्या ब्रिटन शाळेत २००५ मध्ये मुलांच्या गळ्यात असे बिल्ले आले. वर्गांच्या दारांबरोबर स्वच्छतागृहांवरही रीडर बसवल्याचे कळल्यावर पालक खवळले आणि योजना गुंडाळावी लागली. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या नॉर्थसाइड शाळा विभागाने २०१२ मध्ये दोन शाळांत असाच प्रयोग केला; सरकारी अनुदान हजेरीवर ठरत असल्याने हेतू उघडच आर्थिक होता. तोही २०१३ मध्ये सोडून दिला. त्वचेखाली टोचायच्या ‘व्हेरिचिप’ला २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची परवानगी मिळाली होती, चिप सक्तीने टोचण्यावर बंदी घालणारा कायदा विस्कॉन्सिनने २००६ मध्ये केला.

अमरनाथ यात्रेत २०२२ पासून यात्रेकरूंना आरएफआयडी कार्ड दिले जाते. डोंगरात हरवलेल्याचा शोध हे कारण रास्त आहे. मात्र चिपला स्वतःचे ठिकाण कळत नाही. तिच्यावरून कळते ते माणूस शेवटी कोणत्या रीडरजवळून गेला एवढेच. नागपूर महापालिकेच्या सफाई कामगारांच्या हातावरची जीपीएस घड्याळे याहून कितीतरी जास्त बोलकी. यात्रा संपल्यावर नोंदी कधी पुसल्या जातात, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

भारतात सर्वाधिक पसरलेला असा टॅग म्हणजे फास्टॅग. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर तळेगाव आणि खालापूर इथल्या वजावटीच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या, की गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठल्या दिशेने गेली ते समजते. यासाठी टॅग वाचायचीही गरज नाही. नोंदवलेल्या मोबाइलवरचे संदेश पुरतात. अमेरिकेत ई-झेडपास या टोल टॅगच्या नोंदी घटस्फोटाच्या खटल्यांत पुराव्याला आल्या आहेत.

गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई केली, पण शाळांना शिक्षण व सुरक्षेच्या कारणासाठी नियमांत सूट आहे. नोकरीच्या कारणासाठी तर कर्मचाऱ्याची संमती न घेताही माहिती वापरता येते. पळवाट खरी इथे आहे. म्हणून कार्ड स्वीकारताना लेखी विचारावे: वारंवारता कोणती, रीडर कुठल्या दारांवर, नोंदी कोण पाहतो, त्या किती दिवसांनी पुसतात.

फोनमधील एनएफसी, म्हणजे जवळ धरलेले कार्ड वाचण्याची सोय, फक्त १३.५६ मेगाहर्ट्झची कार्डे ओळखते; फोन गप्प राहिला म्हणून कार्डात चिप नाही असे समजू नये. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळलेले बँक कार्ड वाचता येत नाही, पण फट राहिली तर भरवसा नाही. गाडी विकताना काचेवरचा फास्टॅग काढून बँकेकडे खातेही बंद करावे. नाहीतर नव्या मालकाचे प्रवास जुन्याच्या नावावर नोंदले जातात आणि पैसेही त्याच्याच खात्यातून जातात.