भाचीच्या लॅपटॉपला ऊन लागलं

एप्रिलचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेदहा, भाचीचा फोन. "मामा, लॅपटॉप मेला." ती आर्किटेक्चरला आहे, दोन दिवसांवर ज्युरी (म्हणजे प्रोजेक्टची तोंडी परीक्षा), आणि रेंडर (म्हणजे कॉम्प्युटरमधल्या मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र बनवायचं काम) लावून ठेवलेला. गेलो तर मेला वगैरे काही नव्हता, चालू होता, पण माऊस हलवला की बाण जरा विचार करून हलायचा आणि पंखा असा किंचाळत होता की शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं, एवढ्या रात्री मिक्सर कशाला लावलाय.

घर इंदिरानगरला, सगळ्यात वरचा मजला, दिवसभर तापलेला स्लॅब डोक्यावर, त्यामुळे रात्रीसुद्धा खोलीत ३४-३५ अंश. नाशिक म्हणजे थंड हवेचं गाव असं आपण मुंबईच्या पाहुण्यांना सांगतो ते ठीक आहे, एप्रिल-मेमध्ये इथेही पारा चाळिशी गाठतो. आणि या बाईसाहेबांनी लॅपटॉप ठेवलेला कुठे, तर पलंगावर, गोधडीवर! आदल्या दिवशी एका दुकानात दाखवून आली होती, तिथे म्हणाले व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. बरं झालं मारला नाही, सगळं प्रोजेक्ट त्यातच होतं.

मी एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, प्रोसेसरचं तापमान आणि वेग दाखवणारं, आणि रेंडर परत सुरू केला. पहिलं अर्धा मिनिट चार गिगाहर्ट्झ, एकदम मस्त. तापमान ७०, ८०, ९०, ९८... आणि वेग धाडकन १.७ वर. मग जरा थंड झाला की थोडा वर चढायचा, परत तापायचा, परत खाली, असा करवतीच्या दात्यांसारखा आलेख. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे लॅपटॉप बिघडलेला नाही, तो स्वतःला जाळून न घेण्यासाठी मुद्दाम हळू चाललाय.

आता मुळात एवढा तापतो कशाला? प्रोसेसरमध्ये अब्जावधी बारीक स्विच असतात, चार गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोके, आणि त्या ठोक्यांवर स्विच चालू-बंद होताना जी वीज खर्च होते ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. कपड्यांची इस्त्री घ्या, हजार वॅटची, तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. लॅपटॉपचा प्रोसेसर ४५ वॅट खात असेल आणि आतला सिलिकॉनचा तुकडा दीड चौरस सेंटिमीटरचा असेल तर तिथे झाले तीस वॅट, इस्त्रीच्या सहापट! आणि इस्त्री तापवायचीच असते, याला थंड ठेवायचंय, तेही बोटभर जाडीच्या डब्यात.

त्यात टर्बो नावाची भानगड. इंटेलचा आय-सेव्हन १२७००एच घ्या, कागदावर ४५ वॅटचा, पण टर्बोमध्ये ११५ वॅटपर्यंत जायची मुभा. जाहिरातीतला तो मोठा गिगाहर्ट्झचा आकडा असतो ना, तो या थोड्या वेळच्या धावण्याचा. ब्राउझर उघडणं, फाईल सेव्ह करणं असल्या कामांना तेवढी उडी पुरते, पण रेंडर चार-चार तास चालतो, तिथे मात्र सगळं सोंग उघडं पडतं. माझ्या मते लॅपटॉप विकताना 'सलग तासभर किती वेग' हा आकडा डब्यावर छापायला पाहिजे, पण तो कोण छापणार. महागडा घेतला की सुटलो असंही नाही. २०१८ मध्ये ॲपलचा आय-नाईनवाला मॅकबुक प्रो लोडखाली असाच फार हळू व्हायचा, तेव्हा कंपनीने फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, एक डिजिटल की राहून गेल्याचं कबूल केलं आणि अपडेट काढून दुरुस्त केलं.

स्वतःहून हळू होण्याची ही अक्कल प्रोसेसरमध्ये पहिल्यापासून नव्हती हं. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटवाल्यांनी एक व्हिडिओ केला होता, त्यात चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, सरळ उपटून काढला. एएमडीचा ॲथलॉन बघता बघता धूर काढून खलास झाला, इंटेलचा पेंटियम फोर मात्र गोगलगायीसारखा झाला पण गेम चालूच राहिला, हीटसिंक परत ठेवल्यावर पहिल्यासारखा. आता एएमडी असो नाहीतर इंटेल, सगळ्यांच्या आत तापमापक असतात आणि साधारण ९५ ते १०५ अंशांच्या मर्यादेला टेकले की वेग उतरतो. त्याउपरही तापत राहिला तर सरळ बंद.

वेग उतरवून एवढा फरक का पडतो, ते गणित मला फार आवडतं. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि वेग जास्त हवा तर व्होल्टेजही जास्त लागतं, म्हणजे दुहेरी मार. उलट बघा, वेग २० टक्के कमी केला आणि त्यामुळे व्होल्टेज १० टक्के कमी करता आलं, तर ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.९, झाले ०.६५. वेग गेला वीस टक्के, उष्णता गेली पस्तीस टक्के. म्हणून शेवटच्या त्या थोड्याशा वेगाची किंमत उष्णतेत भयंकर पडते.

तर ही उष्णता बाहेर कशी जाते. चिपवर तांब्याचा पत्रा दाबून बसवलेला असतो, पण दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक फटी राहतातच आणि फटीत हवा, आणि तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगली उष्णता वाहून नेतं, म्हणून त्या फटी बुजवायला थर्मल पेस्ट. तीन-चार वर्षांत तापून-गार होऊन ही पेस्ट सुकते किंवा कडेला सरकते. पुढे तांब्याची चपटी नळी, हीट पाइप, ती भरीव नसते, आत हवा काढून घेतलेली असते आणि अगदी थोडं पाणी. माठातलं पाणी कसं गार होतं, झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, तोच धंदा. फक्त इथे वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून वातीसारखी पाझरत मागे येते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २,२६० ज्यूल लागतात, म्हणजे ४५ वॅट वाहून न्यायला पन्नास सेकंदांना एक ग्रॅम, आणि तेच ते पाणी फिरत राहतं. ही कल्पना १९६३ मध्ये अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी प्रत्यक्षात आणली, अंतराळयानांसाठी उपयोगी पडली आणि आता भाचीच्या गोधडीवर.

शेवटचा टप्पा पंख (नळीच्या टोकाला लावलेले धातूचे पातळ पत्रे) आणि पंखा, आणि बहुतेक लॅपटॉप इथेच मार खातात. दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांचं पॅकहाऊस बघितलं असेल तर लगेच कळेल, प्री-कूलिंगमध्ये गार हवा पेट्यांच्या भोकांमधून ओढून घेतात, भोकं बुजली तर बाहेर कितीही गार असू दे, मधला माल गरमच राहतो. बहुतेक लॅपटॉपची भोकं खाली पोटाला असतात. गोधडीवर ठेवला की झाली बंद.

आणि पंखा काही एसी नाही, तो खोलीतलीच हवा मारतो. खोली एक अंशाने तापली की चिपही तेवढ्याच वॅटला साधारण एक अंश वर जाते. मर्यादा ९५ धरा. निफाडच्या डिसेंबरात खोली १४ अंश असेल तर हातात ८१ अंश शिल्लक, एप्रिलच्या दुपारी खोली ३८ असेल तर फक्त ५७. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच पंखा, पण थंडीत चाळीस टक्के जास्त वॅट सहज झेलतो. तरी भाची म्हणतच होती, पहिल्या सेमिस्टरला असं व्हायचं नाही.

मग मागचं झाकण उघडलं (बंद करून, चार्जर काढून, बॅटरीची वायर सोडवून). पंखा आणि पंखांच्या मध्ये धूळ, केस आणि गोधडीचे धागे मिळून चक्क एक वाळकी पोळी तयार झालेली, चिमट्याने अख्खी निघाली. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने आणि ब्लोअरने बाकीचं साफ केलं, धरायचं अशासाठी की ब्लोअरने तो नको तेवढा गरगर फिरतो आणि बेअरिंग जातं. टायरवाल्याच्या कंप्रेसरने मारून आणू का असं भावजींनी विचारलं, तर नको, त्या हवेत पाणी असतं आणि जोरही अफाट. तिचा भाऊ फ्रिजमध्ये ठेवू म्हणत होता, त्याला नुसतं बघितलं. बाहेर काढल्यावर आत दव धरलं की कामच झालं.

पेस्ट त्या रात्री कुठे मिळणार, ती नंतर एमजी रोडवरून आणून बदलली. तेव्हा फक्त अजून एक केलं, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं, बहुतेक लॅपटॉपमध्ये एवढ्यानेच टर्बो बंद होतो. भाची भडकली, "आधीच हळू चालतोय आणि तू अजून हळू करतोयस?" पण रेंडर लावला तर २.६ वर जो बसला तो हललाच नाही, तापमान ऐंशीच्या आसपास, पंखाही निम्म्या आवाजात. चार वरून १.७ वर आपटणाऱ्यापेक्षा सलग २.६ कधीही पुढे.

पहाटे पावणेचारला रेंडर संपल्याचा मेसेज आला. लॅपटॉप आता स्टीलच्या चार वाट्या पालथ्या घालून त्यांवर असतो, आणि ताई मला फोन करून विचारते, माझ्या वाट्या कधी मिळणार.