तेलाच्या टाकीचे झाकण उघडताना

जमिनीखाली प्रचंड दाबाखाली असलेल्या कच्च्या तेलात प्रोपेन, ब्यूटेन असे हलके हायड्रोकार्बन विरघळलेले असतात. विहिरीवर त्यांतला बराचसा वायू वेगळा काढला जातो. उरलेला मात्र तेल साठवण-टाकीतल्या कमी दाबात येताच बाहेर पडू लागतो आणि तेलाच्या वरच्या पोकळीत साचतो. तेलाची पातळी मोजण्यासाठी किंवा नमुना घेण्यासाठी कामगार टाकीच्या माथ्यावरचे झाकण उघडतो, तेव्हा हा वायू झोतासारखा त्याच्या चेहऱ्यावर येतो.

अमेरिकेत जानेवारी २०१० ते मार्च २०१५ या काळात असे काम करताना नऊ कामगार मरण पावले. ते एकटे होते किंवा त्या क्षणी कोणाच्याही नजरेसमोर नव्हते. काही मृत्यू आधी हृदयविकाराचे म्हणून नोंदले गेले, ही मला या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वाटते. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. दाट वायूने तो बाजूला सारला की काही श्वासांतच शुद्ध हरपते. शिवाय हे हायड्रोकार्बन हृदयाला अ‍ॅड्रेनलिन या तणावात स्रवणाऱ्या संप्रेरकाबाबत अतिसंवेदनशील करतात आणि त्याची लय बिघडू शकते. हृदय थांबले हे खरेच होते, पण त्यामागचे कारण टाकीत होते.

उत्तर समुद्रातील पायपर आल्फा या तेल-उत्पादन मंचावर ६ जुलै १९८८ रोजी स्फोट आणि आगीत १६७ जणांचा बळी गेला, तेव्हा जगाचे लक्ष वेधले गेले. टाकीवर एकेकटा कोसळणारा माणूस असा दिसत नाही, म्हणूनच त्याच्याविषयी अधिक आग्रहाने बोलले पाहिजे.

नाकावर भरवसा ठेवता येत नाही. काही कच्च्या तेलांतून निघणारा, सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास पोहोचला की घ्राणशक्तीच बधिर होते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका टळला असे मानणे घातक ठरते. हवा गाळणारा मुखवटाही येथे अपुरा पडतो, कारण तो नसलेला ऑक्सिजन निर्माण करू शकत नाही. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारे श्वसनयंत्रच लागते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे झाकण उघडण्याची गरजच न ठेवणे: पातळी टाकीत कायम बसवलेल्या मापकाने मोजावी आणि नमुना खालच्या नळातून घ्यावा. जिथे झाकण उघडावेच लागते, तिथे प्रशिक्षित सहकारी सुरक्षित अंतरावर हजर असावा आणि त्याच्याजवळही तसेच श्वसनयंत्र असावे, नाहीतर मदतीला धावणारा तोही त्याच वायूत कोसळतो.